डिस्चार्ज बुकात राहून गेलेले मेडल : काय करावे, काय टाळावे

१९६५ किंवा १९७१ ची लढाई प्रत्यक्ष लढलेले, पण डिस्चार्ज बुकात मेडलांच्या रकान्यासमोर नुसती रेघ असलेले माजी सैनिक सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या गावांत आजही भेटतात. बहुतेकांच्या बाबतीत कोणी मुद्दाम डावललेले नसते. लढाई संपते, पलटण हलते आणि त्या लढाईचे मेडल सरकार मागाहून सुरू करते. १९६५ च्या लढाईचे समर सेवा स्टार १९६७ च्या जानेवारीत आले. तोवर कित्येक जवान घरी परतले होते. १९७१ मध्ये राखीव सैनिकांना परत बोलावले गेले, त्यांचे कागद आधीच निम्मे मिटलेले होते. कोणी दुसऱ्या युनिटला जोडून दिलेला असतो. लढला एकीकडे, पटावर नाव दुसरीकडे. अशा वेळी युनिटची पार्ट टू ऑर्डर निघायची राहिली, की सर्व्हिस रेकॉर्डात नोंद चढत नाही.

ही नोंद अनेक वर्षांनंतरही दुरुस्त करून मागता येते. मात्र मोहिमेचे मेडल पराक्रमाच्या हकिकतीवर मिळत नाही, ते हजेरीवर मिळते. अमुक तारखेला अमुक युनिटच्या पटावर, अमुक भागात तुम्ही होता एवढे कागदाने दाखवायचे. सगळी धडपड तेवढ्यासाठीच करा.

काय करावे

आधी मागणी कोणती, ते ठरवा. निम्मे अर्ज इथेच फसतात. लढाईशी जोडलेली मेडले दोन जातींची. पहिली मोहिमेची : अटी पूर्ण केल्या की ती प्रत्येकाची हक्काची. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. १९७१ साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल. सियाचीनसाठी सियाचीन ग्लेशियर मेडल. कारगिलसाठी ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल. दुसरी शौर्याची : वीरचक्र, सेना मेडल वगैरे. ती शिफारशीवर मिळतात आणि भारताच्या राजपत्रात जाहीर होतात.

मोहिमेच्या मेडलांतही फरक आहे. ११ डिसेंबर १९७१ ला टांगाईलवर छत्रीने उतरलेला २ पॅराचा जवान किंवा जमालपूरला लढलेला जंगी पलटणीचा, म्हणजे १ मराठा लाइट इन्फन्ट्रीचा जवान पूर्वी स्टार मागू शकतो. तोच डिसेंबर पुण्या-खडकीच्या डेपोत काढलेल्याला स्टार मिळणार नाही; पण संग्राम मेडल सीमेपुरते नव्हते, ते त्या काळात सेवेत असलेल्यांसाठी होते. म्हणून ‘१९७१ चे मेडल द्या’ असे मोघम लिहू नका. मेडलाचे पूर्ण नाव लिहा आणि एकाहून अधिक राहिली असतील तर प्रत्येक वेगळ्या ओळीत मागा.

शौर्यपदकाचे राजपत्र आधी पाहा. नाव राजपत्रात असेल आणि फक्त रेकॉर्डात चढले नसेल, तर काम सोपे : राजपत्राची प्रत जोडा, नोंद मागा. ‘मेन्शन इन डिस्पॅचेस’चेही तसेच, तेही राजपत्रात येते आणि त्याचे कमळपानाचे चिन्ह मेडलाच्या रिबनवर लागते. पण ‘साहेबांनी माझे नाव पाठवले होते’ एवढेच हातात असेल, तर शिफारस झाली म्हणजे पदक मिळाले असे होत नाही. इतक्या वर्षांनी ते पदक हक्क म्हणून मागता येत नाही. हे ऐकायला कडू आहे, पण अर्ज लिहिण्याआधी कळलेले बरे.

रेकॉर्ड ऑफिस नेमके शोधा. जवानाचे रेकॉर्ड त्याच्या पलटणीत नसते, ते त्याच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, रणगाडा दलाचे अहमदनगरला म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, गार्ड्सचे कामठीला, महार रेजिमेंटचे सागरला, सिग्नल्सचे जबलपूरला, ईएमईचे सिकंदराबादला. नौसैनिकांचे मुंबईत मानखुर्दला आणि वायुसैनिकांचे दिल्लीला सुब्रतो पार्कात. लष्करी अधिकाऱ्यांचे रेकॉर्ड दिल्लीच्या सेना मुख्यालयात असते. मध्येच युनिट किंवा कोअर बदलली असेल तर शेवटच्या कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा आणि आधीच्या कोअरचा नंबरही द्या.

पत्ता किंवा पत्र लिहिणे जमत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. अर्ज पुढे पाठवणे हे त्यांच्या कामातच येते आणि त्यांच्या शिक्क्याने गेलेल्या पत्राचा माग काढणे सोपे जाते.

घरातली ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ तर काढालच. पण खरा माल खाली असतो. रजेचे सर्टिफिकेट, मूव्हमेंट ऑर्डर, पे बुक, दवाखान्याची डिस्चार्ज स्लिप, मेडिकल बोर्डाचा कागद, पलटणीचा ग्रुप फोटो, ज्याच्या मागे तारीख आणि ठिकाण लिहिलेले आहे.

आणि पत्रे. सीमेवरून आलेल्या आंतरदेशीय पत्रावर पाठवणाऱ्याचा पत्ता पाहा : नंबर, नाव, कंपनी, पलटण आणि शेवटी ‘द्वारा ९९ एपीओ’ किंवा ‘द्वारा ५६ एपीओ’. ९९ एपीओ हा पूर्वेकडच्या पलटणींचा पत्ता. पत्रावर फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का असतो, शिक्क्यात तारीख असते. आजीने जपून ठेवलेले असे एखादे पत्र, डिसेंबर १९७१ च्या शिक्क्याचे, तुमचा माणूस तेव्हा कोणत्या पलटणीत आणि कोणत्या बाजूला होता हे सांगून जाते. एवढ्यावर मेडल मिळणार नाही, पण रेकॉर्ड ऑफिसला कोणत्या महिन्याची कोणती नोंद उघडायची ते कळते. मनीऑर्डरच्या कुपनांचाही असाच उपयोग होतो. शिक्का पुसट असेल तर उजेडात मोठा फोटो काढून छापून घ्या. मूळ पत्राला चिकटपट्टी लावू नका.

माहितीच्या अधिकारात आधी कागद मागा, मग अर्ज करा. २००५ च्या कायद्याखाली १० रुपयांत आपल्या शीट रोलची, म्हणजे सर्व्हिस रेकॉर्डाची, प्रत, त्या वर्षाच्या पार्ट टू ऑर्डर्स आणि मेडलांच्या नोंदी मागता येतात. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. नाही आले किंवा अपुरे आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतरही समाधान नसेल तर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे. लष्कर केंद्राकडे येते, म्हणून अर्ज केंद्राच्या पोर्टलवर करा. महाराष्ट्राच्या पोर्टलवर केला तर दिवस वाया जातात. आणि या कायद्याने कागद मिळतो, दुरुस्ती होत नाही. दुरुस्तीचा अर्ज वेगळाच करावा लागतो.

साथीदार शोधा. त्याच कंपनीतला, त्याच खंदकातला, शक्य तर तेव्हाचा जेसीओ किंवा अधिकारी. त्याच्या प्रतिज्ञापत्रात तुमचे कौतुक नको. त्याचा स्वतःचा नंबर, हुद्दा, कंपनी, तुम्ही दोघे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कुठे होता, एवढेच हवे. त्याला स्वतःला तेच मेडल मिळालेले असेल तर त्याच्या डिस्चार्ज बुकातल्या त्या पानाची प्रत जोडा. त्याच कंपनीतल्या माणसाला स्टार आणि तुम्हाला नाही, याचे उत्तर मग ऑफिसला द्यावेच लागते.

अर्ज एका पानात बसवा, हिंदीत किंवा इंग्रजीत. मजकूर साधारण असा : ‘माझा नंबर, हुद्दा, नाव अमुक. अमुक तारखेला भरती, अमुक तारखेला निवृत्त. अमुक ते अमुक या काळात मी अमुक युनिटच्या अमुक कंपनीत, अमुक भागात तैनात होतो. मला अमुक मेडल देय असून डिस्चार्ज बुकात त्याची नोंद नाही. सोबत पुढील कागद जोडले आहेत. नोंद करून मेडल द्यावे, अथवा नाकारण्याचे कारण लेखी कळवावे.’ शेवटचे वाक्य कधीही गाळू नका. लेखी नकार हाती असला की पुढचा जिना चढणे सोपे जाते.

नोंद आणि मेडल वेगवेगळे मागा. धातूचे मेडल हाती पडायला फार काळ लागू शकतो. नोंद मात्र कागदावरची आहे; ती झाली की पार्ट टू ऑर्डरची प्रत मागून घ्या आणि डिस्चार्ज बुकात शिक्क्यानिशी चढवून घ्या.

सैनिक हयात नसेल तर पत्नी किंवा मुले अर्ज करू शकतात. मृत्यूचा दाखला आणि नाते दाखवणारा कागद जोडा.

काय टाळावे

मूळ डिस्चार्ज बुक पोस्टाने पाठवू नका. साक्षांकित प्रत पाठवा. नोंदीसाठी मूळ पुस्तक मागितलेच तर जमल्यास स्वतः घेऊन जा, सगळ्या पानांचे फोटो आधी काढून ठेवा आणि पावती घ्या.

नावातला फरक तसाच ठेवू नका. शीट रोलवर जाधवचे इंग्रजी स्पेलिंग एक, आधारवर दुसरे. गावाचे नाव एकीकडे, तालुक्याचे दुसरीकडे. अर्ज परत यायला एवढे पुरते. हे आधी निस्तरा.

‘पराक्रम’ या शब्दाने फसू नका. शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्याला मिळते ते पराक्रम पदक; २००१-०२ मध्ये सीमेवर झालेल्या जमवाजमवीचे मेडल ते ऑपरेशन पराक्रम मेडल. पहिले हवे असेल तर जखमेचा दवाखान्यातला कागद आणि ‘बॅटल कॅज्युअल्टी’ची नोंद लागते.

हकिकत फुगवू नका. पन्नास वर्षांत आठवणी एकमेकांत मिसळतात, हे माणसाचे आहे. पण अर्जातली तारीख युनिटच्या वॉर डायरीशी जुळली नाही, तर खऱ्या भागावरचाही विश्वास उडतो. तारीख पक्की आठवत नसेल तर ‘डिसेंबरचा पहिला आठवडा’ असे लिहा. तेच प्रामाणिक आणि तेच टिकते.

‘कागद नष्ट केले’ हे उत्तर शेवटचे मानू नका. पेन्शन नसलेल्या सैनिकांचे सर्व्हिस कागद नियमाने २५ वर्षांनी नष्ट केले जातात, तेव्हा असे उत्तर खरेही असू शकते. पण लाँग रोल नावाची नोंदवही कायम ठेवलेली असते. त्यातला तुमचा उतारा मागा. कागद केव्हा, कोणत्या आदेशाने नष्ट झाले याचा दाखला मागा. युनिटच्या वॉर डायऱ्या संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे जातात, आणि २०२१ च्या धोरणाप्रमाणे अशी कागदपत्रे साधारणपणे २५ वर्षांनी खुली करायची आहेत. डायरीत जवानाचे नाव सहसा नसते. पण पलटण कोणत्या दिवशी कुठे होती ते असते. लाँग रोल, साथीदाराचे प्रतिज्ञापत्र आणि डायरी एकत्र ठेवली तर गेलेल्या शीट रोलची जागा बऱ्याच अंशी भरून निघते.

राष्ट्रपती, पंतप्रधान, संरक्षणमंत्री, सगळ्यांना एकदम पत्रे लिहू नका. ती पत्रे फिरून त्याच रेकॉर्ड ऑफिसच्या टेबलावर येतात आणि मधल्या काळात तुमचा मूळ अर्ज ‘वरून उत्तर येईल’ म्हणून पडून राहतो.

स्पर्श पोर्टलवर मेडलाची तक्रार घालू नका. ते पेन्शनसाठी आहे. मोहिमेच्या मेडलाला पेन्शन जोडलेली नसते. ‘मेडल लावून देतो, पेन्शन वाढेल’ म्हणणारा मध्यस्थ दारात आला तर त्याला एक रुपया देऊ नका, आधार आणि बँकेचे कागद तर मुळीच नाही.

नोंद नसताना दुकानातून मेडल घेऊन छातीवर लावू नका. नोंद झालेल्याने खरे मेडल येईपर्यंत नक्कल लावली तर कोणी बोट ठेवणार नाही. नोंदीआधी लावलेले मेडल मात्र तुमच्याच दाव्याला कमीपणा आणते.

थेट कोर्टात धावू नका, आणि नकार आल्यावर बसूनही राहू नका. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे एक खंडपीठ मुंबईत आहे. तिथे जाण्याआधी खात्यातले मार्ग वापरून झालेले असावे लागतात. अंतिम नकाराच्या तारखेपासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. निवेदन देऊन सहा महिने काहीच उत्तर आले नाही, तर त्यापुढच्या सहा महिन्यांत. पुरेसे कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण ‘माहीत नव्हते’ एवढ्यावर विसंबू नका. म्हणूनच प्रत्येक पत्र स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा आणि सगळ्या प्रती तारखेच्या क्रमाने एका फाइलीत लावा. वकिलाला पहिल्या दिवशी हीच फाइल लागते.

१९७१ मध्ये विशीत असलेला जवान आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहे आणि त्याचा साक्षीदारही त्याच वयाचा आहे. रेकॉर्ड ऑफिसचे उत्तर कधीही आणता येईल. साथीदाराचे प्रतिज्ञापत्र आधी करून घ्या, याच महिन्यात.