पिवळा धोत्रा: बोंड फुटायच्या आत उपटा

वालाच्या शेंगा भरत आल्या, पोपटीची मडकी लागू लागली आणि पनवेलच्या शेतकऱ्यांचा यंदा एकच प्रश्न: "साहेब, ते पिवळ्या फुलाचं काटेरी झाड बांधावरून वालात उतरलंय. काय मारू?"

वालाची निगा तुम्हाला शिकवायला नको. या पिवळ्या धोत्र्याचेच बोलू. मूळचा मेक्सिकोकडचा, अफूच्या कुळातला. पानावर पांढरट शिरा, कडेला काटे, मोडले की पिवळा चीक. घाटावरचा उंटकटारा वेगळा. निळसर-पांढऱ्या गोंड्यांचा, आपला देशी. त्याच्या मागे लागू नका. धोत्र्याला ढोरे तोंड लावत नाहीत. चराईत बाकीचे गवत संपते आणि हा एकटा माजतो.

आता तुमचे उपाय. कोणी मीठ टाकतो. अहो, खाडीचा बांध फुटून खारे पाणी आत आले की भाताचे काय होते, हे पनवेलकरांना मी सांगायचे? त्याच खारेपणाला तोंड देणाऱ्या भाताच्या जाती काढण्यासाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने इतकी खटपट केली, आणि तुम्ही मीठ विकत आणून शेतात ओतता! कोणी 2,4-डी मागतो. ते रुंद पानाच्या तणाचे औषध आहे. वालाचे पानही रुंदच. वाऱ्याने फवारा उडाला की तण राहील बाजूला, वाल वाकडा होईल.

आणि ते बांध पेटवणे! वरचा पाला जळतो, पण पिकलेली बोंडे टोकाशी आधीच उकललेली असतात. मोहरीसारखे काळे, बारीक बी खाली सांडून गेलेले असते. ते मातीत वर्षानुवर्षे तग धरते. एका शेतकऱ्याने बांधकामावरची फुकटची माती डंपरने आणून बांध उंच केला. पुढच्या हिवाळ्यात बांधभर पिवळी फुले. त्याने पेटवून दिला. त्यानंतरच्या वर्षी तण थेट वालाच्या सरीत. भरावाची माती घेताना ती कुठून उचलली हे आधी विचारा.

उपाय कंटाळवाणा आहे, पण एकच. जमिनीत ओल आहे तोवर जाड हातमोजे घालून, खुरप्याने सोटमुळासकट काढा. फुलावर न आलेली झाडे तिथेच वाळू द्या. बोंडे धरली असतील तर गोणीत भरा आणि शेताबाहेर खोल खड्ड्यात पुरा. शेणखताच्या खड्ड्यात टाकाल तर पुढच्या साली स्वतःच्या हाताने पेराल. शेजाऱ्याचा बांध, ओढ्याचा काठ, रस्त्याची कड सोडलीत तर मेहनत वाया. उपटायला पोरे लावाल तर भांबुर्डा तेवढा ठेवायला सांगा. पोपटीला तोच लागतो.

परसात मोहरी लावणाऱ्यांनी जास्त जपावे. 1998 मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात धोत्र्याच्या तेलाची भेसळ झाली. पाय सुजले, धाप लागली, हृदये थकली. साठाहून अधिक माणसे गेली. दोन्ही बिया नुसत्या नजरेने वेगळ्या ओळखणे कठीण, म्हणून मोहरी कापण्याआधीच शेतातला धोत्रा काढा. मळणीत मिसळल्याची शंका असेल तर ती मोहरी घाण्यावर नेऊ नका, फोडणीतही घालू नका. आणि डोळे आले म्हणून धोत्र्याचा चीक डोळ्यांत घालणाऱ्यांनी ते आजच थांबवावे. डोळे डॉक्टरांना दाखवावेत.