शिडाच्या नावेवरचे छत : माप, कापड आणि गाठी

शिडाच्या नावेत सावली असते ती फक्त शिडाची. शीड उतरवून नांगर टाकला की तीही जाते. इथे कोचीला, वेंबनाड कायलवर, एप्रिल-मे महिन्यांत सकाळी वारा पडलेला असतो, ऊन वरून लागते तसेच पाण्यावरून उलटूनही तोंडावर येते. आणि दुपारी ढग भरून आले की पाहता पाहता वादळी सर कोसळते. गेल्या एप्रिलमध्ये नांगरलेल्या नावेवर गाठींचा वर्ग चालू असताना एक कॅडेट बोलता बोलता गप्प झाला आणि त्याला उलटी झाली. त्याला काठावर आणले, कपडे ओले केले, पंख्याखाली झोपवले. संध्याकाळपर्यंत तो ठीक झाला. त्याच आठवड्यात आम्ही कॉकपिटसाठी छत शिवायला घेतले.

पहिला प्रश्न छत कोणत्या प्रकारचे, हा होता. स्टीलच्या नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेले छत, ज्याला बिमिनी म्हणतात, ते नाव चालू असतानाही उभे राहते. पण आमच्या 22 फुटी नावेचा बूम कॉकपिटवरून खालूनच फिरतो. सांगाडा त्याच्या आड येईल. शिवाय नळ्यांचा खर्च कापडापेक्षा जास्त. म्हणून आम्ही बूमलाच आढे मानले आणि त्याच्यावरून दोन्ही बाजूंना उतरणारा तंबू केला. हे छत नाव नांगरलेली किंवा बांधलेली असतानाच लावायचे. ते लावून शिडावर जाता येत नाही, कारण चारी बाजूंचे दिसत नाही. इथल्या जुन्या केट्टुवळ्ळम नावांवर बांबू आणि झावळ्यांचे छत असते ते पाहा : मधोमध उंच, दोन्हीकडे उतार. तत्त्व तेच.

आता माप. कॉकपिटपाशी नावेची रुंदी 2.2 मीटर, म्हणजे अर्धी 1.1 मीटर. बूम काठापेक्षा अर्धा मीटर उंच. काटकोन त्रिकोण मांडा : 1.1 चा वर्ग 1.21, 0.5 चा वर्ग 0.25, बेरीज 1.46, वर्गमूळ जवळजवळ 1.21. एका बाजूचा उतार 1.21 मीटर. काठाबाहेर 15 सेंटिमीटर झालर हवी, नाहीतर पागोळ्या थेट आत पडतात. झाले 1.36, दोन्ही मिळून 2.72, दुमडीसाठी दोन्हीकडे 4 सेंटिमीटर धरून 2.80. लांबी 2.40, दुमडीसह 2.48. या मापाने उताराचा कोन 24 अंशांच्या आसपास येतो. त्याहून सपाट ठेवण्याचा मोह आवरा, कारण कापडाला झोळ पडला की त्यात पाणी साचते. एक चौरस मीटर झोळात सरासरी 3 सेंटिमीटर पाणी म्हणजे 30 किलो, आणि ते वजन झोळ आणखी खोल करते.

कापडाबद्दल माझे मत ठाम आहे. निळी ताडपत्री स्वस्त असते, पण उन्हात कडक होऊन दुमडीवर फाटते. सुती किरमिच शिवायला सुखाचे, पण ओले झाले की आटते, आणि ओले गुंडाळून ठेवले की बुरशी धरते. आम्ही रंग धाग्यातच असलेले अ‍ॅक्रिलिक कापड घेतले. ते महाग असते, पण ऊन सोसते. पन्हा 152 सेंटिमीटर असल्याने दोन तुकडे लागले, प्रत्येकी 2.80 मीटर लांब. जोडशिवण एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे, नावेला आडवी गेली पाहिजे. तशी ती उताराच्या दिशेने जाते, पाणी तिच्या कडेने वाहून जाते आणि आढ्यावर शिवण येतच नाही. बरेच जण उलटे करतात : आढ्यावरच लांब शिवण घालतात, आणि बूमला घासून ती प्रथम उसवते. पन्ह्यातून उरलेल्या पट्ट्या फेकू नका. त्यांचीच ठिगळे कोपऱ्यांना आणि बूम टेकतो त्या जागी दुहेरी लावायची आहेत.

शिवणकामात एका कॅडेटच्या आईने मोठी मदत केली. त्यांच्याकडे जाड कापडाचे मशीन आहे. सुई 16 किंवा 18 नंबरची, धागा पॉलिएस्टरचा आणि टाके 4 ते 5 मिलिमीटरचे. सुती धागा आधी कुजतो, नायलॉन उन्हाने लवकर कमजोर होतो. टाचण्या लावू नका. प्रत्येक भोक पाणी आत घेते. दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी वापरा. पुढच्या व मागच्या कडेला दुमडीचाच नेफा ठेवून त्यात कळकाची कामटी सरकवली, म्हणजे छत आडवे ताणलेले राहते. दोरी बांधायला पितळी आयलेट ठोकण्याऐवजी आम्ही पॉलिएस्टर पट्ट्यांचे फास शिवले. आयलेट एका गोल भोकावर सगळा ताण आणतो; पट्टीचा ताण टाक्यांवर वाटला जातो.

आणि वारा. प्रति चौरस मीटर दाब न्यूटनमध्ये हवा असेल तर वेगाचा (मीटर प्रति सेकंद) वर्ग करून 0.61 ने गुणा. 20 नॉट म्हणजे 10.3 मीटर प्रति सेकंद, दाब सुमारे 65. आमच्या एका बाजूचे कापड 3.26 चौरस मीटर आहे. वारा त्याला समोरून लागला तर जोर 21-22 किलो. वारा 40 नॉट झाला की जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो, म्हणजे 86 किलोच्या घरात. एवढ्यात नाव नांगर ओढू लागते. म्हणून कापड फाटण्याआधी ते उतरवता आले पाहिजे, आणि सगळे गाठींवर येते. बाजूच्या प्रत्येक दोरीला दोन अर्धे वेढे, शेवटचा वेढा टोक दुमडून घातलेला, म्हणजे टोक ओढताच सुटेल. ओली दोरी आवळून बसते तेव्हा साधी गाठ नखांनी सुटत नाही.

छत चढवण्यापूर्वी बूम टॉपिंग लिफ्टवर घ्या आणि शीटने मधोमध घट्ट धरा. शिडाच्या आधारावर बूम सोडला आणि शीड उतरले, तर बूम खाली बसलेल्यांच्या डोक्यावर येतो.

उतरवण्याचा क्रम आम्ही ठरवून टाकला आहे : आधी एका बाजूच्या दोऱ्या, मग दुसरी बाजू, मग कामट्यांसकट गुंडाळी. चार कॅडेटांना पहिल्या दिवशी तीन मिनिटे लागली. आता डोळे बांधून 50 सेकंद लागतात. 1 जूनच्या सुमारास पावसाळा लागण्याआधी हीच कवायत ओल्या दोऱ्यांवर घ्यायची आहे.