मातीवाचून गोड मिरची

व्यापारी मनुष्यापुढे नवा माल आला की तो तीन प्रश्न विचारतो : माल कोणता, तो तयार कसा होतो आणि त्यात भांडवल किती अडकते. मातीविना शेतीच्या जाहिराती पाहून आपल्यातील काही तरुण तीत रक्कम घालू इच्छितात. म्हणून तळून खाण्याच्या गोड मिरचीचे उदाहरण घेऊन हा विषय आम्ही याच क्रमाने मांडीत आहोत.

माल : मिरची मूळची अमेरिका खंडातील. १६ व्या शतकात पोर्तुगीजांकरवी ती गोव्यास आली. गोड वाणांत तिखटपणा देणारे कॅप्सेसिन जवळजवळ नसते. 'क्युबानेल' आणि 'जिमी नार्डेलो' हे त्यांतील प्रसिद्ध वाण होत. दुसऱ्याचे बी नार्डेलो कुटुंबाने १८८७ साली इटलीहून अमेरिकेत नेले. ढोबळीपेक्षा या मिरचीची साल पातळ असल्याने ती कढईत लवकर शिजते. कंदमूळ वर्ज्य असलेल्या आपल्या स्वयंपाकात पीठ पेरून केलेली ही भाजी सहज रुळेल.

कृती : कॅलिफोर्नियाचे प्राध्यापक गेरिके यांनी १९३७ साली या पद्धतीस 'हायड्रोपोनिक्स' हे नाव रूढ केले. आपल्या देशात १९४६ च्या सुमारास शोल्टो डग्लस यांनी कालिंपाँग येथे स्वस्त साधनांनी तिचे प्रयोग केले. तत्त्व साधे आहे. झाडास माती नव्हे, तर मातीतील क्षार, पाणी व मुळांना हवा हवी असते.

१० ते १२ लिटरची, तळाशी निचरा असलेली बादली घ्यावी. तीत धुतलेले कोकोपीट भरून एक रोप लावावे. बी ७ ते १४ दिवसांत उगवते. पाच-सहा आठवड्यांचे रोप बादलीत जाते व पुढे सुमारे अडीच महिन्यांनी फळ मिळू लागते. द्रावणाचा सामू ५.८ ते ६.३ आणि विद्युतवाहकता २ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आसपास ठेवावी. कॅल्शियम नायट्रेटचे दाट द्रावण सल्फेट व फॉस्फेटच्या दाट द्रावणात कधीही मिसळू नये. साका बसून दोन्ही वाया जातात. ती निरनिराळी ठेवून भरपूर पाण्यात एकामागून एक घालावीत. पाणी कधी कमी, कधी जास्त झाले की फळाच्या टोकास कॅल्शियम पोहोचत नाही व ते काळे पडून कुजते. ऊन ३२ अंशांवर गेले की फुले गळू लागतात. त्या दिवसांत सावलीची जाळी हवी.

निपाणी भागातील तंबाखूच्या व्यापाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तंबाखूवरील मोझॅक विषाणू मिरचीसही लागतो व हातांवाटे पसरतो. पेढीवरून आल्यावर साबणाने हात धुतल्यावाचून रोपांस शिवू नये.

अहिंसेचा प्रश्न : येथे नांगर नाही, म्हणून मातीतील जीवांची हिंसा टळते, हे खरे. परंतु पाण्यातही जीव आहेत असे आपले शास्त्र सांगते, आणि मावा व फुलकिडे बादलीतल्या झाडावरही येतात. तेव्हा ही शेती सर्वथा अहिंसक आहे असे म्हणून माल विकू नये. बारीक जाळीने कीड बाहेरच ठेवावी, पाणी गाळून घ्यावे व निचरलेले पाणी इतर झाडांस द्यावे, एवढा विवेक आपल्या हाती आहे.

भांडवल : नळ्यांतून सतत द्रावण खेळविणाऱ्या यंत्रणेत भर उन्हात वीज गेली, तर काही तासांत रोपे माना टाकतात, कोकोपीट ओल धरते, म्हणून बादलीत सवड मिळते. माल परत घेण्याच्या हमीवर यंत्रणा विकणारे अनेक भेटतील. ती हमी कोण देतो, त्याची पत काय आणि तोच माल तो आज कोणास विकतो, हे हुंडी पारखावी तसे पारखावे. गोड मिरचीस गिऱ्हाईक आपल्या गावी आहे की नाही, हे प्रथम बाजारात फिरून पाहावे.

आमचा सल्ला इतकाच : गच्चीवर दहा बादल्या मांडाव्यात, एक हंगाम काढावा, आणि पाणी, क्षार, वीज व श्रम यांचा जमाखर्च रोजकीर्दीत लिहावा. पुढे कर्ज काढावयाचे की नाही, हे जाहिरातीवरून न ठरविता त्या वहीवरून ठरवावे.