लॅपटॉप टेबलावर का डुगडुगतो

मिरज,
रविवार रात्र

चि. सायलीस,


काल सुमनचा फोन आला होता. बोलणं गौरीच्या तयारीचं चाललं होतं, आणि मध्येच ती सहज म्हणाली, "दादा, सायलीचा लॅपटॉप हल्ली टेबलावर डुगडुगतो. तिच्या खोलीतलं टेबलच वाकडं असणार." मी विचारलं, आणखी काही? तर म्हणे टचपॅड दाबला जात नाही, म्हणून पोरीनं माऊस घेतलाय. आणि रात्री लॅपटॉप कुठं असतो? "उशाशी, चार्जिंगला."

सायली, टेबल वाकडं नाही. बॅटरी फुगली आहे. आतून वर ढकललं गेलं की टचपॅड अडकतो आणि तळ गोल झाला की यंत्र डुगडुगतं. मी ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही, तरी माझी जवळजवळ खात्री आहे. तू इंजिनिअर झालेली मुलगी, आणि फुगलेली बॅटरी गोधडीवर ठेवून शेजारी झोपतेस? तुझ्या आईला याचा अर्थ कळला नाही म्हणून ती शांत झोपली. मला झोप आली नाही.

तुझ्या मैत्रिणीनं म्हणे सांगितलं की मॉनिटरवरून चार्ज केलं की लॅपटॉपची बॅटरी जाते. म्हणून तू मॉनिटरची वायर काढलीस आणि आता दिवसभर बॅटरीवर काम करून ती पार बंद पडेपर्यंत वापरतेस, मग रात्रभर शंभरापर्यंत भरतेस. हे ऐकून मला वाईट वाटलं, कारण निर्दोष गोष्ट तू टाकलीस आणि खरं नुकसान करणारी धरलीस.

टाइप-सीच्या वायरवर मॉनिटर आपण होऊन वीज ढकलत नाही. आधी दोघांचं बोलणं होतं. मॉनिटर सांगतो, माझ्याकडं ५, ९, १५, २० व्होल्ट आहेत. लॅपटॉप त्यातलं हवं ते मागतो. पंगतीत मागशील तेवढंच वाढावं, तसं. तेव्हा मॉनिटर ९० वॉटचा असला म्हणून ६५ वॉटचा लॅपटॉप जळत नाही. अडचण उलट्या बाजूनं येते. तुझं काम जड असेल आणि मॉनिटर कमी वॉटचा, तर उरलेली वीज लॅपटॉप बॅटरीतून ओढतो. चार्जिंगचं चिन्ह दिसत असतं आणि टक्के उतरत असतात. वायरही बघ. साधी वायर ३ अँपिअरची, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट. त्यावर हवं असेल तर ५ अँपिअरची, चिप असलेलीच लागते.

बॅटरी मरते ती उष्णतेनं आणि सतत काठोकाठ भरलेली राहिल्यानं. पूर्ण भरलेला लिथियमचा सेल साधारण ४.२ व्होल्टवर असतो, त्या ताणाखाली आतलं रसायन हळूहळू बिघडतं आणि वायू तयार होतो. गोधडीवर हवा खेळत नाही, म्हणजे तू दोन्ही गोष्टी एकदम केल्यास. बॅटरी पूर्ण उतरवावी हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियमच्या काळातला. तो अजून लोकांच्या तोंडी आहे, पण तुझ्या बॅटरीला लागू नाही.

मी १९८३ साली टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरीरूममध्ये लागलो. दोन-दोन व्होल्टचे २४ सेल, ४८ व्होल्ट, आणि नाकात बसणारा ॲसिडचा वास. त्या शिशाच्या बॅटऱ्या कायम भरलेल्या ठेवायच्या, नाहीतर प्लेटा खराब. तुझी बॅटरी अगदी उलट स्वभावाची आहे. तिला मधल्या पातळीत बरं वाटतं. पण एक नियम दोन्हीकडं सारखा होता: सेलचा आकार बदललेला दिसला की त्या दिवशीच तो काढायचा. उद्यावर टाकायचा नाही.

सुमन म्हणाली, खर्च नको म्हणून तू गप्प बसलीस. ते मला फार लागलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला ॲसिड तपासायच्या हायड्रोमीटरवरच्या रेघा पुसट दिसायच्या. चष्मा हवा होता. पगारातले पैसे घरी पाठवत होतो, आबांना सांगायला जीभ रेटेना. ते वर्ष तसंच काढलं. रात्री वाचायचो, ते डोकं दुखतं म्हणून सुटलं, आणि त्यानंतर वाचन पुन्हा तसं कधी जमलं नाही. आबांनी कुठूनही पैसे उभे केले असते. आज ते नाहीत, तरी मी त्यांना का नाही सांगितलं हे अजून मनात येतं.

म्हणून बॅटरीचे पैसे मी उद्या सकाळी पाठवतो, यावर चर्चा नको. तू एवढंच कर. पत्र वाचताच लॅपटॉप बंद कर, चार्जर काढ, आणि तो अंथरुणापासून लांब फरशीवर ठेव. वरून दाबू नकोस, स्वतः उघडू नकोस, टोचू तर मुळीच नकोस. सर्व्हिस सेंटरला ने आणि जुनी बॅटरी त्यांच्याकडंच दे, कचऱ्यात नाही. तुझं काम जाणार नाही. ते एसएसडीवर असतं, बॅटरी बदलल्यानं त्याला धक्का लागत नाही.

नवीन बॅटरी आली की मॉनिटरची वायर खुशाल लाव, त्यावरच काम कर. सेटिंगमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेव. लेनोव्होत त्याला 'कॉन्झर्व्हेशन मोड' म्हणतात, तो मॉडेलप्रमाणे ६० ते ८० च्या दरम्यान थांबवतो. प्रवासाला निघायच्या आदल्या रात्री मात्र पूर्ण भरलीस तरी चालेल. आणि लॅपटॉप टेबलावर, हवा लागेल असा.

फार रागावून लिहिलं गेलं. पोरी, तू एकटी राहून घर सांभाळतेस, आईला पैसे पाठवतेस, याचं मला किती कौतुक आहे हे मी समोर कधी बोललो नाही. लॅपटॉप दुसरा येईल. आज रात्री तो उशाशी नको, एवढंच माझं ऐक. पत्र मिळालं की फोन कर, कितीही उशीर झाला तरी. मी जागा आहे.

तुझा,
मामा