बिबट्या राहू द्या, आधी मधमाशी बघा

सह्याद्रीत दोन-तीन दिवसांच्या पायपिटीला निघालेल्या गटात एक प्रश्न हमखास निघतो: वाटेत बिबट्या आडवा आला तर? खरे तर बिबट्याने तुम्हाला कधीच पाहिलेले असते आणि तो वाट सोडून गेलेलाही असतो. तयारी करायची ती मधमाशी, फुरसे, विंचू, गोचीड यांची. एका दिवसाच्या किल्ल्यावर काही चावले तर तासाभरात पायथ्याचे गाव गाठता येते. रतनगडाहून कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जाताना किंवा राजगड-तोरणा-रायगड करताना मात्र गाडीरस्ता काही तासांवर असतो. लांबच्या वाटेवर जनावर तेच असते, दवाखाना लांब गेलेला असतो. सगळी काळजी घ्यायची ती या अंतरापोटी.

कड्याखाली: आग्या मोहोळ

कातळकड्याच्या पोटाला आणि कपारीच्या छताला काळपट अर्धगोल लोंबताना दिसतात, ती आग्या माश्यांची पोळी. पावसाळ्यानंतरचे कोरडे महिने हा आपला भटकण्याचा हंगाम, तोच त्यांचाही. शिवनेरीसारख्या राबत्या गडावरही या माश्या पर्यटकांवर तुटून पडल्या आहेत. त्यांना चवताळायला दगडच मारावा लागतो असे नाही. खाली पेटवलेली चूल, सिगारेटचा धूर, अत्तर-डिओचा वास, आरडाओरडा किंवा जवळून उडवलेला ड्रोन, एवढे पुरते.

पोळे दिसले की गप्पा बंद करा आणि रेंगाळू नका. अशा कड्याखाली स्वयंपाक करायचा नाही, फोटोसाठी थांबायचे नाही. पहिल्या डंखाबरोबर माशी एक गंध सोडते आणि तो इतर माश्यांना बोलावून आणतो. म्हणून एक डंख बसला की हात झटकत उभे राहू नका. तोंड-डोके झाकून आलेल्या वाटेने लांब पळा, दाट झाडोरा मिळाला तर त्यात शिरा. टाक्यात किंवा डोहात उडी मारू नका. श्वासाला वर यावेच लागते आणि माश्या वर घिरट्या घालत असतात. मात्र कड्याच्या धारेवर असाल तर पळणे जीवघेणे ठरेल. तिथे खाली बसा, तंबूचे कापड किंवा चादर अंगावर ओढून सगळे झाका.

सुरक्षित जागी पोचल्यावर काटे नखाने किंवा कार्डाने लगेच खरवडून काढा, कारण काट्याची पिशवी त्वचेत विष सोडत राहते. श्वास कोंडणे, जीभ-ओठ सुजणे, चक्कर येणे, अंगभर गांधी उठणे ही तीव्र ॲलर्जीची लक्षणे आहेत. इथे हळद-चुना लावण्यात वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा. आपल्याला अशी ॲलर्जी आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने ॲड्रेनालिनचे इंजेक्शन जवळ ठेवावे आणि ते कसे द्यायचे हे गटातल्या दुसऱ्यालाही शिकवावे.

सड्यावर आणि दगडांत: फुरसे, घोणस, विंचू

कोकणातल्या जांभ्या सड्यांवर फुरसे फार. फूट-दीड फुटाचा हा साप दिवसा दगडाखाली असतो आणि डिवचला की अंगावरचे खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज करतो. घोणस फुत्कारते, पण वाळल्या पाचोळ्यात सहज दिसत नाही. म्हणून हात टेकण्याआधी कपार बघा, बसण्याआधी दगड काठीने हलवा, अंधारात लघवीला जातानाही बूट आणि विजेरी सोडू नका.

आपल्याकडचे सर्पदंशाचे औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनवलेले असते. चावा बसला की दंशाच्या वर दोरी आवळणे, ब्लेड मारणे, तोंडाने विष ओढणे हे सगळे टाळा. अंगठी, कडे, घड्याळ काढा. ट्रेकिंगची काठी फळीसारखी बांधून तो हात किंवा पाय हलणार नाही असे करा आणि वेळ लिहून ठेवा. रुग्णाला चालवू नका. डोंगरातल्या वाड्यांवर आजाऱ्याला चादरीची झोळी करून खाली नेण्याची सवय असते. तिथल्या माणसांना हाक मारा. साप मारून सोबत नेण्याच्या भानगडीत पडू नका, दुसऱ्यालाही चावा बसायचा.

विंचवाच्या बाबतीत डोळे फसतात. मोठी काळी इंगळी भयंकर दिसते, पण जिवावर बेततो तो लहानसा लालसर विंचू. त्याच्या विषाने हृदयावर ताण येतो. घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणे ही सुरुवातीची खूण. लहान मुलांना धोका जास्त. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या गोळीने अशा रुग्णांचे प्राण वाचवता येतात हे दाखवून दिले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही गोळी रक्तदाब एकदम उतरवते, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायची नाही. सकाळी बूट झटकूनच घालायचे, ही सवय मात्र आजपासून लावता येते.

दाट रानात: गवा, अस्वल, बिबट्या

कोयना आणि चांदोलीचे रान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे आणि राधानगरीच्या जंगलात गवे आहेत, अस्वलेही आहेत. बामणोलीहून बोटीने वासोट्याला जाताना वनखात्याची परवानगी लागते आणि गडावर मुक्काम करता येत नाही, तो नियम उगाच नाही.

गव्याचा नर टनभर वजनाचा असू शकतो. तो मान वर करून रोखून बघू लागला किंवा फुसफुसला की तुम्ही फार जवळ आला आहात. नजर न काढता हळूहळू मागे सरका, मध्ये जाडसर झाड येईल असे बघा. पिल्लू आणि आई यांच्या मधून कधीही जाऊ नका. एकटा नर जास्त बेभरवशाचा.

अस्वलाला दूरचे नीट दिसत नाही आणि वारुळ उकरताना ते त्यातच गढलेले असते. वळणावर अचानक समोर आलात तर ते घाबरून अंगावर येते. त्यामुळे करवंदे-जांभळे पिकण्याच्या दिवसांत, पहाटे आणि संध्याकाळी, पाणवठ्याकडे जाताना मोठ्याने बोलत जा. हल्ला झालाच तर पालथे पडा, सॅक पाठीवर राहू द्या आणि मान हातांनी झाका.

बिबट्या दिसला तर वाकू नका, पळू नका. लहान मुलाला उचलून घ्या, हात वर करून मोठे दिसा, आवाज करा. बिबट्याला कुत्रे आवडते. गडावरून मागे लागलेले कुत्रे तंबूशी बांधून झोपू नका.

ओल्या वाटेवर: जळवा आणि गोचीड

पन्हाळगड ते पावनखिंड ही पावसाळी वाट असो की आंबोलीचे रान, जळवा लागणारच. त्या त्रासदायक, पण निरुपद्रवी. नख सरकवून किंवा मीठ, तंबाखू लावून सोडवा. रक्त बराच वेळ वाहते, कारण जळू रक्त गोठू न देणारा द्रव सोडते. दाबून धरा, थांबते.

गोचिडीचे प्रकरण वेगळे. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला, गोचिडीमार्फत पसरणारा माकडताप गेल्या दशकात गोव्यात सत्तरीत आणि सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडी भागातही पोचला. हिवाळ्याच्या शेवटापासून उन्हाळ्यापर्यंत तिथल्या रानात जाताना पँट मोज्यात खोचा, पाचोळ्यात बसू नका, संध्याकाळी अंग तपासा. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचे आवर्जून सांगा.

मुक्कामी: माकडे, कुत्री, मण्यार

माकडाला प्लास्टिकची पिशवी म्हणजे खाऊ, एवढेच कळते. पिशवी हातात नको, सॅकमध्ये हवी. हिसकावली तर ओढाताण करू नका. माकडाने किंवा कुत्र्याने चावले वा ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. ओरखडा बारीक आहे म्हणून ट्रेक पूर्ण करायचा, हा हिशेब जिवावर उठणारा.

मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश दुखतही नाही. पहाटे पोटात कळा, पापण्या मिटू लागणे, बोबडे बोलणे, यांतले काहीही दिसले तर पित्त समजू नका. देवळाच्या ओसरीवर झोपायचे असेल तरी बंद चेनीचा तंबू लावा आणि खरकटे लांब टाका. खरकट्यामागे उंदीर येतात, उंदरांमागे साप.

निघण्याआधी

- प्रत्येक मुक्कामापासून जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते आणि तिथे सर्पदंशाचे औषध आहे का, हे फोन करून विचारा.
- मधूनच खाली उतरता येईल अशा ढोरवाटा आणि घाटवाटा गावकऱ्यांकडून नकाशावर टिपून घ्या.
- १०८ रुग्णवाहिका कुठवर येऊ शकते आणि मोबाइलची रेंज कोणत्या टेकाडावर मिळते, हे वाटाड्याला विचारा.
- दम्याची, हृदयाची, ॲलर्जीची माहिती आदल्या दिवशीच एकमेकांना सांगा.

ही माहिती लिहिलेला कागद एकाच्या खिशात नको, दोघांच्या असू द्या. काय चावेल ते ठरलेले नसते, तसेच कोणाला चावेल तेही.