उड्या मारणारे नकोत, पाटी वाचणारे हवेत

बारावीचा निकाल लागला की प्रश्न ठरलेले असतात. ‘सर, एआय घ्यावं की डेटा सायन्स?’ मुलाला काय आवडतं, असं विचारलं की आई-वडील एकमेकांकडे बघतात. ‘केमिस्ट्री चांगली आहे त्याची, पण त्यात स्कोप काय?’ एखादा मुलगा धीर करून म्हणतो, मला फायर ब्रिगेडमध्ये जायचंय. वडील त्याला तिथेच तोडतात, ‘आगीत उड्या मारायला शिकवलं का तुला?’

कॉम्प्युटर इंजिनीअरिंगबद्दल एवढंच सांगतो की गणितात रमणाऱ्या मुलानं ते जरूर घ्यावं, शेजारच्यानं घेतलं म्हणून घेऊ नये. मला लिहायचंय ते वडिलांच्या त्या वाक्याबद्दल. घातक रसायनांच्या अपघातात उडी मारणारा माणूस कामाचा नसतो. तिथे लांब थांबून आधी वाचणारा माणूस लागतो.

समजा, महामार्गावर टँकर उलटलाय. जाणकार अधिकारी वारा पाठीवर घेऊन दूर उभा राहतो आणि दुर्बिणीतून टँकरवरची पाटी वाचतो. पाटीवर यूएन क्रमांक १२०३ आहे, म्हणजे आत पेट्रोल आहे. त्याच पाटीवर ‘३ वाय ई’ हा हॅझकेम कोड आहे. तीन म्हणजे फेस मारा. वाय म्हणजे बीए सेट (श्वसनयंत्र) चढवा, स्फोटक प्रतिक्रियेची शक्यता धरा, सांडलेला माल गटारात जाऊ देऊ नका. ई म्हणजे लोकांना हलवण्याचा विचार करा. तीन अक्षरांत पहिल्या पाच मिनिटांचे आदेश मिळाले.

पुढचे शब्दही असेच कामाचे आहेत. फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या किमान तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीनं पेटू शकते ते तापमान. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे ४० अंशांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने धोका. हवेत त्याची वाफ साधारण दीड टक्का झाली की ती पेट घेऊ शकते. ही खालची स्फोटमर्यादा मीटरवर बघूनच पाऊल पुढे टाकायचं.

पाणी मारायचं की नाही, हेसुद्धा रसायनशास्त्रच ठरवतं. बर्फाच्या कारखान्यात अमोनिया गळला तर पाण्याचा बारीक फवारा हवेतला वायू शोषून घेतो, पण साचलेल्या द्रव अमोनियावर पाणी पडलं तर वाफ उलट वाढते. जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीनचं सिलिंडर गळत असेल तर गळतीवर पाणी मारायचंच नाही. तिथे आम्ल तयार होतं, ते धातू खातं आणि भोक मोठं होतं. शिवाय क्लोरीन हवेच्या अडीच पट जड असतो. तो सखल भागात साचतो, म्हणून लोकांना उंचावर न्यायचं. अकरावी-बारावीची केमिस्ट्री मन लावून केलेल्या मुलाला हे सगळं समजतं. त्यात स्कोप काय, या प्रश्नाचं हे उत्तर आहे.

धोका नाही, असं मी कुणालाही सांगणार नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाला आग लागली. कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकाच जहाजात होती. त्या स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. कुठे काय साठवलंय हे आधी कळणं किती मोलाचं असतं, हे डोंबिवलीनं २०१६ आणि २०२४च्या कारखान्यांतल्या स्फोटांत पुन्हा पाहिलं. भीती खरी आहे म्हणूनच तिथे शिकलेली मुलं लागतात.

वाटा थोडक्यात सांगतो. दहावीनंतर सांताक्रूझच्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्रात सहा महिन्यांचा अग्निशामक अभ्यासक्रम आहे. शारीरिक पात्रता आधी तपासा. पदवीनंतर उपस्थानक अधिकाऱ्याचा अभ्यासक्रम करता येतो. बारावी विज्ञाननंतर नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात फायर इंजिनीअरिंगची पदवी आहे. कारखान्यांकडे जायचं असेल तर औद्योगिक सुरक्षेची पदविका आहे. सेफ्टी ऑफिसरला बहुसंख्य कामगारांची भाषा यावी लागते, आणि तिथे मराठी मुलाची बाजू भक्कम असते.

एक इशारा मात्र ठळकपणे देतो. गल्लोगल्ली ‘फायर अँड सेफ्टी, शंभर टक्के नोकरी’ असे फलक लागलेत. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. या पदविकेला मान्यता कुणाची? सरकारी भरतीच्या जाहिरातीत ती चालते का? बीए सेट चढवून प्रत्यक्ष सराव होतो का? उत्तरं लेखी मिळाली नाहीत तर उठून या.

आणि पालकहो, मुलाला नको असलेली शाखा त्याच्या गळ्यात बांधून तुम्ही त्याला सुरक्षित करत नाही. चार वर्षं आणि लाखो रुपये घालवून तो पुन्हा त्याच प्रश्नापाशी येतो, तेव्हा वय गेलेलं असतं आणि भरतीची वयोमर्यादाही. अर्ज भरण्याआधी जवळच्या अग्निशमन केंद्रात अधिकाऱ्यांची वेळ मागा. मुलाला घेऊन जा. प्रश्न त्याला विचारू द्या, तुम्ही फक्त ऐका.