जुन्या औद्योगिक वसाहती आणि आपला कामगार



१९३८ साली याच मनमाडला भरलेल्या रेल्वे कामगार परिषदेत डॉ. बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू दाखविले. अज्ञानाचाही प्रश्न तितकाच मोठा आहे. नाशिकच्या सातपूरसारख्या औद्योगिक वसाहती आता जुन्या झाल्या आहेत. केवळ रंगरंगोटीने त्या नव्या होणार नाहीत. डेन्मार्कमधील कालुंडबोर्ग येथे १९८० च्या दशकापासून वीजकेंद्राची वाफ शेजारच्या कारखान्यांना पुरविली जाते आणि एकदा वापरलेले पाणी पुन्हा वापरात येते. पाण्याची किंमत मनमाडकरांना सांगावयास नको. परंतु यंत्र नवे आले व कामगार जुनाच राहिला, तर पहिली गदा त्याच्यावरच येते. म्हणून नवे तंत्र, सांडपाणी शुद्धीकरण व ऊर्जाबचत यांचे शिक्षण घ्या. ‘शिका’ या आदेशाचा आजचा अर्थ हाच होय.